हॉटेल तेवढंच, माणसं दुप्पट: मोठं फॅन कॉन हॉटेलात कसं बसवायचं

अमेरिकेतल्या अटलांटाच्या मध्यवस्तीत दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या जोडसुट्टीत ड्रॅगन कॉन भरतं. कॉन म्हणजे कन्व्हेन्शन, विज्ञानकथा, कॉमिक्स, गेम असल्या गोष्टींच्या चाहत्यांचं संमेलन. १९८७ साली पहिलं कॉन एका हॉटेलात झालं, तेव्हा सुमारे १,४०० माणसं आली होती. २०१९ साली आयोजकांनी ८५,००० चा आकडा सांगितला. मधल्या काळात एका हॉटेलाची पाच हॉटेलं झाली, पण कॉन हॉटेलातून बाहेर पडलं नाही. जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटरसारखं अवाढव्य प्रदर्शन-केंद्र तिथून मैलभरावर आहे, तरीही नाही. येणाऱ्यांना हॉटेलच हवं असतं. वर खोलीत पोशाख चढवायचा, लिफ्टने खाली यायचं, तीन कार्यक्रम बघायचे, परत वर जाऊन पाय पसरायचे आणि रात्री दोन वाजता लॉबीत अनोळखी माणसाशी एखाद्या मालिकेच्या शेवटावरून वाद घालायचा. प्रदर्शन-केंद्राला संध्याकाळी कुलूप लागतं, हॉटेलाला लागत नाही.

सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन दुसऱ्या वाटेनं गेलं. १९७० साली ते यू. एस. ग्रँट हॉटेलात सुरू झालं, सत्तरच्या दशकातली बरीच वर्षं एल कोर्तेझ हॉटेलात काढली आणि १९९१ पासून ते कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. मुंबईचं कॉमिक कॉनही प्रदर्शनाच्या हॉलमध्येच भरत असल्यामुळे आपल्याकडच्या चाहत्यांना हॉटेलातल्या कॉनचं गणित सहसा माहीत नसतं. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेली बरीच मराठी मुलं तिथल्या ॲनिमे, गेमिंग किंवा विज्ञानकथेच्या कॉनमध्ये आधी स्वयंसेवक म्हणून जातात आणि दोन-तीन वर्षांत आयोजन समितीत ओढली जातात. ‘यंदा जागेचं तू बघ’ असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधीच सांगतो, नवीन माणूस हॉल मोजत बसतो. हॉल क्वचितच कमी पडतात. कमी पडतात त्या हॉलकडे जाणाऱ्या वाटा, लिफ्ट आणि दोन कार्यक्रमांमधली मिनिटं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: पैसा कुठून येतो ते समजून घ्या

हॉटेलातल्या कॉनला बॉलरूम आणि सभागृहं पुष्कळदा फुकटात किंवा अगदी स्वस्तात मिळतात. हॉटेलची कमाई झोपायच्या खोल्यांवर असते. ‘आमची माणसं तुमच्या इतक्या खोल्या इतक्या रात्री घेतील,’ असं तुम्ही लिहून देता आणि त्या बदल्यात हॉटेल सभागृहं देतं. याला रूम ब्लॉक म्हणतात, आणि तो रूम-नाइटमध्ये मोजतात.

समजा तुम्ही ४०० खोल्या तीन रात्रींसाठी धरल्या. म्हणजे १,२०० रूम-नाइट झाल्या. करारात ८० टक्क्यांची अट आहे, म्हणजे किमान ९६० भरायलाच हव्यात. प्रत्यक्षात ८५० भरल्या, तर ११० कमी पडल्या. खोलीचा दर १७० डॉलर असेल तर १८,७०० डॉलरचं बिल तुमच्या नावावर. प्रवेशशुल्कावर चालणाऱ्या छोट्या संस्थेचं कंबरडं मोडायला एवढं पुरेसं आहे.

हॉटेलचा हिशेब ऐन वेळी अंगावर आला की काय होतं, ते जुलै २०१४ मध्ये इलिनॉयच्या शॉमबर्गमध्ये दिसलं. डॅशकॉन नावाचं नवंकोरं कॉन सुरू झालं आणि पहिल्याच रात्री आयोजकांनी जमलेल्या चाहत्यांसमोर हात पसरले: हॉटेलला आत्ताच्या आत्ता १७,००० डॉलर हवेत, नाहीतर कॉन बंद. लोकांनी खिशातून पैसे काढून दिलेही. पण त्या आयोजकांनी त्या नावानं पुन्हा कॉन भरवलं नाही. नवख्या आयोजकांच्या फजितीचा दाखला म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं.

म्हणून पहिल्या वर्षी ब्लॉक छोटा घ्या. भरला तर वाढवून मागता येतो, घेतलेला परत करणं महागात पडतं. हॉटेलचा विक्री-अधिकारी गोड बोलून मोठा ब्लॉक गळ्यात मारेल, ते त्याचं कामच आहे. तुम्ही मागच्या वर्षीचे खरे आकडे घेऊन बसा.

करारात आणखी काही गोष्टी नावानिशी लिहून घ्या. कोणकोणती सभागृहं मिळणार, ती खोलीच्या नावानं लिहा. ‘पुरेशी सभागृहं’ या शब्दांना काही अर्थ नसतो. ती चोवीस तास तुमच्याच ताब्यात राहतील असंही लिहा, नाहीतर शनिवारी रात्री मांडलेला मंच उचलून रविवारी सकाळी तिथे कुणाच्या लग्नाचा ब्रंच मांडतील. त्याच दिवसांत हॉटेलात दुसरा मोठा कार्यक्रम नसावा. सामान उतरवायचा धक्का कधीपासून मिळेल. हॉटेलकडून किमान किती रकमेचं खाणंपिणं घ्यावं लागेल, आणि त्यावरचं सेवाशुल्क धरून ती रक्कम किती होते. बाहेरचं खाणं आणायला बहुतेक हॉटेलं हरकत घेतात. कॉनच्या पाहुण्यांसाठी मोफत चहा-चिवड्याची खोली ठेवायची असेल, तर तिची परवानगी सहीच्या आधी मिळवायची, नंतर मिळत नाही.

आणि हॉटेलच बंद पडलं तर? हसू नका. २०१९ च्या जुलैत अटलांटाचं शेरेटन लीजनेअर्स आजारामुळे (हा एक प्रकारचा न्यूमोनिया) बंद ठेवावं लागलं. ते ड्रॅगन कॉनच्या पाच यजमान हॉटेलांपैकी एक. ऑगस्टच्या मध्याला ते उघडलं, कॉन दोन आठवड्यांवर आलेलं असताना. असं झालं तर खोल्या कुठे मिळणार, पैसे कोण परत करणार आणि कॉनच्या काळात बांधकाम-दुरुस्ती काढली तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत.

दुसरी पायरी: टेप घेऊन फिरा

हॉटेलच्या ब्रोशरमध्ये प्रत्येक सभागृहापुढे क्षमतेचा आकडा छापलेला असतो. तो खोटा नसतो, पण तो रिकाम्या सभागृहाचा असतो. तिथे मंच नाही, पडदा नाही, ध्वनीचं टेबल नाही, खुर्च्यांमधून चालायला वाट नाही.

अमेरिकेतल्या इमारत-नियमांत सुट्या खुर्च्यांसाठी माणशी सात चौरस फूट आणि टेबल-खुर्च्यांसाठी पंधरा चौरस फूट निव्वळ जागा धरतात. साठ बाय शंभर फुटांची बॉलरूम घ्या. सहा हजार चौरस फूट, भागिले सात, म्हणजे साधारण ८५०. ब्रोशरात हेच असेल. आता मंच आणि त्यामागची जागा ९०० चौरस फूट काढा, ध्वनी आणि कॅमेऱ्याला १५० काढा, मधल्या आणि कडेच्या वाटा, चाकाच्या खुर्च्यांसाठी ठेवलेल्या जागा मिळून साडेनऊशे काढा. उरले चार हजार. माणसं बसली ५७०.

आता दारं मोजा. पन्नासच्या वर माणसं असतील तर बाहेर पडायला किमान दोन वाटा लागतात, पाचशेच्या वर तीन, हजाराच्या वर चार. तुमच्या हॉलला दोनच वाटा असतील, तर खुर्च्या ५७० मावल्या तरी माणसं ५०० च. मांडणी करताना मंचामागे काळा पडदा ताणून एक दार झाकून टाकणं हा हमखास होणारा घोटाळा आहे. आराखडा काढताना दारं आधी लाल पेननं रंगवा, मग मंच कुठे ठेवायचा ते ठरवा.

हॉलबाहेर लावलेला क्षमतेचा फलक आणि स्थानिक फायर मार्शलचा (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा) शब्द यापुढे अपील नाही. भिंतीला टेकून उभे राहणारे, मधल्या वाटेत मांडी घालून बसणारे, सगळे मोजणीत येतात. मार्शल आला आणि वाटेत माणसं बसलेली दिसली, तर तो कार्यक्रम थांबवतो, पाहुणा कितीही मोठा असो. मोठ्या हॉलचे आराखडे आधीच त्याच्या कार्यालयातून मंजूर करून घ्या. आणि मोठ्या गर्दीसाठी दर अडीचशे माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-नियंत्रक असावा, हा नियम बऱ्याच ठिकाणी लागू आहे, तेव्हा स्वयंसेवकांचं ते प्रशिक्षण महिनाभर आधी उरका.

बॉलरूमचे तीन-चार भाग करणाऱ्या सरकत्या भिंतींवर फार भरवसा ठेवू नका. त्यांतून आवाज आरपार जातो. एका बाजूला तलवारबाजीची कार्यशाळा आणि दुसऱ्या बाजूला कवितावाचन ठेवलं, तर शिव्या दोन्हीकडून तुम्हालाच. या भिंती हलवायला हॉटेलचीच माणसं लागतात आणि वेळही लागतो. सकाळी तीन छोटे हॉल, दुपारी एक मोठा, संध्याकाळी पुन्हा तीन, असली कसरत कागदावर फार हुशारीची दिसते. दिवसभर एकच मांडणी ठेवा.

तिसरी पायरी: लिफ्टचा हिशेब

हा हिशेब कुणीच करत नाही, म्हणून थोडा थांबतो.

ड्रॅगन कॉनच्या हॉटेलांपैकी हयात रीजन्सी १९६७ साली उघडलं आणि मॅरियट मार्क्विस १९८५ साली. दोन्ही जॉन पोर्टमन या वास्तुविशारदाची. मधोमध आकाशाला भिडणारं पोकळ प्रांगण, भोवती मजल्यांचे सज्जे आणि त्यातून काचेच्या लिफ्ट सरसर वर जाताना दिसणाऱ्या. कॉनच्या दृष्टीनं हे वरदान आहे, कारण वरच्या मजल्यावरून खालची गर्दी बघत बसणं हाच एक कार्यक्रम होतो. पण त्याच लिफ्टची वाट बघत उभं राहणं हाही त्या कॉनचा एक कार्यक्रमच आहे.

ढोबळ आकडे धरू. सहा लिफ्ट आहेत. पाटीवर बारा माणसं लिहिलंय, पण पंख, ढाली आणि फोमची चिलखतं घातलेली माणसं आठच मावतात. उंच इमारत, मध्ये चार-सहा थांबे, म्हणजे एका फेरीला चार मिनिटं. एक लिफ्ट तासाला पंधरा फेऱ्या, १२० माणसं. सहा लिफ्ट मिळून ७२०. आता वरच्या मजल्यावरचा तुमचा ५७० खुर्च्यांचा हॉल सुटला, तर सगळी माणसं खाली यायला पाऊण तास. आणि हे तेव्हा, जेव्हा दुसरं कुणीच लिफ्ट वापरत नाही.

म्हणून मोठे हॉल तळमजल्यावर किंवा सरकत्या जिन्यानं पोहोचता येईल अशाच मजल्यावर. वरच्या मजल्यांवर फक्त अशा गोष्टी, जिथे माणसं एकदा गेली की चार तास हलत नाहीत: बोर्ड गेम, चित्रपटांची खोली, रात्रीच्या पार्ट्या. हॉटेलला विचारून जिन्यांची दारं उघडी ठेवून घ्या आणि ‘दोन मजल्यांसाठी जिना वापरा’ असे मोठे फलक लिफ्टजवळ लावा. सगळे वापरणार नाहीत, पण तरुण पोरं वापरतात. सामानाची लिफ्ट मोठे पोशाख आणि चाकाच्या खुर्च्या यांच्यासाठी मागून घ्या, तिथे हॉटेलचा एक माणूस बसवावा लागेल, त्याचे पैसे द्या. हा खर्च वाया जात नाही.

चौथी पायरी: वेळापत्रकात जागा शोधा

ड्रॅगन कॉनचं वेळापत्रक बघाल तर कार्यक्रम सकाळी दहा, साडेअकरा, एक, अडीच, चार अशा वेळांना सुरू होतात. कार्यक्रम तासाभराचा, मग अर्धा तास रिकामा. नवख्या समितीला हा अर्धा तास म्हणजे उधळपट्टी वाटते. सकाळी दहा ते रात्री दहा या काळात तासाला एक लावला तर एका हॉलमध्ये तेरा कार्यक्रम सुरू होतात, दीड तासाला एक लावला तर नऊ. चार कार्यक्रमांवर पाणी!

पण त्या अर्ध्या तासातच कॉन चालतं. पाहुण्याला घेराव घालून सह्या मागणारे बाहेर काढायचे, हॉल रिकामा करायचा, बाटल्या उचलायच्या, पुढच्याचा माइक तपासायचा, बाहेरची रांग आत घ्यायची. शिवाय माणसाला एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात चालत जायला वेळ लागतो. तेरा लावले तर सकाळी अकरानंतरचा प्रत्येक कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि रात्री आठचा साडेनऊला.

हॉल रिकामा करायचा की नाही हा वेगळा वाद. सॅन डिएगोच्या सहा हजारांवर आसनांच्या एच हॉलमध्ये कार्यक्रमांच्या मधे हॉल रिकामा करत नाहीत. त्यामुळे संध्याकाळच्या एका कार्यक्रमासाठी माणसं सकाळपासून खुर्ची धरून बसतात आणि त्याआधीच्या पाहुण्याचे खरे चाहते बाहेर ताटकळतात. हॉटेलात ही चैन परवडत नाही. माझं मत ठाम आहे, प्रत्येक वेळी रिकामा करा. लोक कुरकुरतात आणि दुसऱ्या दिवशी सवय होते.

आणखी एक युक्ती. शेजारशेजारच्या हॉलच्या वेळा पंधरा मिनिटांनी पुढेमागे ठेवा. एकाच गल्लीवर चार दारं एकदम उघडली तर गल्ली तुंबते, पाळीपाळीनं उघडली तर वाहते.

गर्दी खेचणारा पाहुणा एकच आणि हॉल लहान असेल, तर त्याचा कार्यक्रम दोनदा ठेवा. किंवा हॉटेलच्या खोल्यांतल्या टीव्हीवर दाखवा. ड्रॅगन कॉन हे करतं, मोठे कार्यक्रम यजमान हॉटेलांच्या खोल्यांत टीव्हीवर दिसतात. खोलीत पाय पसरून, चप्पल काढून बघणारा माणूस म्हणजे हॉलमधली एक खुर्ची मोकळी, लिफ्टमधली एक जागा मोकळी आणि रांगेतही एक कमी. हॉटेलच्या अंतर्गत वाहिनीचा प्रश्न कराराच्या वेळीच काढा.

पाचवी पायरी: रांगेला घर द्या

प्रत्येक हॉलच्या आराखड्यात त्या हॉलची रांगही काढा. पाचशे माणसं दोघा-दोघांच्या ओळीत उभी केली आणि एका ओळीला अडीच फूट धरले, तर रांग सव्वासहाशे फूट लांब होते. चौघांच्या ओळीत केली तर तीनशेच्या वर. तुमच्या मजल्यावरची गल्ली किती लांब आहे? आणि तिची निम्मी रुंदी तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोकळी हवी. उत्तर बहुतेक वेळा ‘मावत नाही’ असंच येतं, मग रांग बाहेर फुटपाथवर न्यावी लागते. ती कुठल्या दारातून बाहेर पडणार, कुठल्या कोपऱ्यावर वळणार, गाड्यांच्या प्रवेशद्वारावरून जाते का आणि पाऊस आला तर काय, हे सगळं आधी ठरतं. अटलांटात सप्टेंबरच्या तोंडावर चांगलंच उकडतं, तेव्हा फुटपाथवरच्या रांगेला पाणी द्यावं लागतं.

लालबागला गणपतीत नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. हे शहाणपण कॉनमध्ये जसंच्या तसं चालतं. सही किंवा फोटो घ्यायचा असणाऱ्यांची रांग आणि नुसतं बघायचं असणाऱ्यांची रांग कधीही एकत्र करू नका. पहिली मुंगीच्या पावलानं सरकते आणि दुसरीला धरून ठेवते.

ड्रॅगन कॉनचा नियम असा की कार्यक्रमाच्या एक तास आधीपर्यंत रांग लावू द्यायची नाही. हा नियम पाळून घेणं अवघड आहे, कारण माणसं रांग न लावता ‘सहजच’ जवळपास घुटमळतात. तरी नियम हवा. नसला तर पहाटेपासून गल्ल्या भरतात.

रांगेच्या शेवटी उंच काठीवर ‘रांगेचा शेवट इथे’ अशी पाटी धरलेला माणूस हवा, आणि ती पाटी शेवटच्या माणसाच्या हातात द्यायची सोय असेल तर स्वयंसेवक वाचतो. दर शंभराव्या माणसाजवळ मोजणी करा. हॉलच्या क्षमतेइतकी माणसं झाली की पाटी बदला: ‘इथून पुढे आत जाण्याची खात्री नाही’. दोन तास उभं राहून मग हाकलला गेलेला माणूस कायमचा तुटतो. पाचव्या मिनिटाला खरं सांगितलं तर तो शेजारच्या रिकाम्या हॉलमध्ये जातो. तो हॉल कोणता, हेही पाटीवाल्याला ठाऊक असू द्या.

सहावी पायरी: गल्ल्या, पूल आणि पोशाख

अटलांटातली हयात, मॅरियट आणि हिल्टन ही हॉटेलं स्कायब्रिजनं एकमेकांना जोडलेली आहेत. रस्त्यावर न उतरता एकातून दुसऱ्यात जाता येतं, आणि म्हणूनच सगळे त्याच पुलांवरून जातात. अशा अरुंद जागी एक नियम कडक ठेवा: थांबायचं नाही. फोटोला नाही, मित्राला मिठी मारायला नाही. जाणाऱ्यांची बाजू आणि येणाऱ्यांची बाजू जमिनीवर पट्टी चिकटवून दाखवा आणि बॅज (कॉनचं प्रवेशपत्र) तपासायची जागा पुलाच्या तोंडाशी ठेवा, मध्यावर नको.

कॉस्प्ले करणाऱ्यांना, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून येणाऱ्यांना, दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्यामुळेच तर कॉनला रंग येतो. पण सात फुटी पंखांचा एक देवदूत थांबला की वीस कॅमेरे जमतात आणि गल्ली बंद. त्यांना ‘इथे थांबू नका’ म्हणून भागत नाही, ‘तिथे थांबा’ असं सांगता आलं पाहिजे. लॉबीच्या एका कोपऱ्यात, बऱ्या उजेडात, साध्या भिंतीसमोर फोटोची जागा राखून ठेवा. तिथे पोशाख दुरुस्त करायचं टेबल, गरम गोंदाची बंदूक आणि सेफ्टी पिना ठेवल्यात तर सगळे आपोआप तिकडेच जमतात. (मॅरियटच्या जुन्या गालिच्याची नक्षी इतकी भडक होती की २०१३ मध्ये दोघांनी हुबेहूब त्याच नक्षीचे पोशाख शिवून घातले आणि ते गालिच्यावर दिसेनासे झाले. त्यांच्यामुळे मात्र वाट अडली नसणार.)

चाकाची खुर्ची जाईल अशी किमान छत्तीस इंचांची वाट प्रत्येक ठिकाणी मोकळी हवी. हा कायदा आहेच, पण विक्रेत्यांच्या टेबलांमध्ये तो सगळ्यात आधी मोडतो. शुक्रवारी सकाळी वाट असते, दुपारपर्यंत तिथे खोकी येतात. दिवसातून दोनदा कुणीतरी छत्तीस इंचांची काठी घेऊन फिरावं.

सातवी पायरी: जे बाहेर जाऊ शकतं ते बाहेर काढा

ड्रॅगन कॉनची विक्रेत्यांची दालनं हॉटेलांत नाहीत, ती जवळच्या अमेरिकाजमार्टच्या इमारतीत आहेत. विक्रीला झोपायच्या खोल्या जवळ लागत नाहीत, लागतो तो मालाचा धक्का आणि मोकळी फरशी. शनिवारी सकाळची मिरवणूक पीचट्री स्ट्रीटवर निघते. त्या दोन तासांत हजारो माणसं रस्त्यावर असतात आणि हॉटेलांना श्वास मिळतो. हे मिरवणुकीचं कारण नसेल, पण तिचा फायदा हा आहेच.

एकापेक्षा जास्त हॉटेलं असतील तर विषय वाटून द्या. एका विषयाचे सगळे कार्यक्रम एकाच हॉटेलात, शक्यतो एकाच खोलीत. खगोलशास्त्राचा चाहता दिवसभर तिथेच राहील, इकडून तिकडे पळणार नाही. नवखी समिती उलट करते. प्रत्येक हॉटेलात ‘थोडं थोडं सगळं’ ठेवते आणि सगळ्यांना सगळीकडे पळवते.

नोंदणीचं टेबल लॉबीत ठेवू नका, इतकंच. पहिल्या दिवशीची सगळ्यात लांब रांग तिथे असते आणि त्याच दिवशी खोल्या घेणाऱ्यांच्या बॅगाही लॉबीतच असतात. बॅज टपालानं पाठवता आले तर उत्तम, नाहीतर आदल्या संध्याकाळपासून वाटायला लागा.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) अधिवेशनांत राबलेल्यांना इथे एक इशारा. तिथे जेवणाची वेळ ठरलेली असते, मुख्य सभागृह असतं, गर्दी कधी कुठे असेल ते सांगता येतं. फॅन कॉनला जेवणाची सुट्टी नसते. माणसं दुपारी चारला पिझ्झा खातात आणि रात्री अकराला ताजीतवानी होतात. स्वयंसेवकांच्या पाळ्या त्या हिशेबानं लावा, सगळे अनुभवी हात सकाळी वापरून संपवू नका.

आठवी पायरी: रात्र

रात्रीची भांडणं आवाजावरून होतात. म्हणून खोल्या देतानाच हॉटेलला सांगून दोन-तीन मजले पार्टीचे ठरवा, तिथे फक्त पार्टी करणारेच राहतील. मुलंबाळं असणारे आणि कॉनशी संबंध नसणारे पाहुणे त्या मजल्यांपासून दूर. लॉबीत रात्री उशिरा फक्त बॅज किंवा खोलीची किल्ली असणाऱ्यांनाच प्रवेश, हे शनिवारी तरी लागतंच. शहरातली इतर पोरं ‘तमाशा बघायला’ येतात आणि गर्दीचा तोल जातो.

हॉटेलच्या कर्मचाऱ्यांशी आधी भेटा. सफाई, दरवान, बारमधले, सुरक्षा, सगळ्यांशी अर्धा तास. चिलखत घातलेला माणूस रात्री एकला लॉबीत फिरताना दिसला तर घाबरायचं नाही आणि तलवार फोमची असते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. सफाईवाल्यांसाठी खोलीत टीप ठेवा असं कार्यक्रमपत्रिकेत छापा.

नववी पायरी: तरीही मावत नसेल तर

बॉस्टनचं बोस्कोन हे जुनं विज्ञानकथा-कॉन. न्यू इंग्लंड सायन्स फिक्शन असोसिएशन ते भरवतं. वाढत वाढत १९८७ साली तिथे चार हजारांवर माणसं आली, हॉटेल आणि गर्दी दोन्ही हाताबाहेर गेले आणि पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये जागा मिळाली नाही. संस्थेनं कॉन स्प्रिंगफील्डला हलवलं आणि मुद्दाम लहान केलं. साहित्य आणि चित्रकला ठेवली, गर्दी खेचणाऱ्या बाकीच्या गोष्टी गाळल्या. लोक चिडले, अनेकांना हा विश्वासघात वाटला. पण बोस्कोन टिकलं. ज्यांना ते सगळं हवं होतं, त्यांच्यासाठी १९९० साली बॉस्टनमध्ये अरिसिया नावाचं वेगळं कॉन उभं राहिलं.

म्हणजे तिकिटांवर मर्यादा घालणं हा पराभव नाही, मात्र ती आधी जाहीर करावी लागते. दारावर तिकीट विकायचं बंद करा, शनिवारचं एक दिवसाचं तिकीट सगळ्यात आधी बंद करा, कारण गर्दी शनिवारी दुपारीच फुटते. एक दिवस येणारा माणूस खोली घेत नाही, गल्ली मात्र तेवढीच वापरतो. मर्यादेचा आकडा हॉलच्या खुर्च्यांवरून काढू नका. शनिवारी दुपारी तीनला सगळे हॉल भरले, सगळ्या रांगा लागल्या आणि उरलेली माणसं गल्ल्यांत आहेत, असं चित्र आराखड्यावर मांडा. त्या वेळी गल्लीतून चाकाची खुर्ची सहज जात असेल, तिथे थांबा.

शेवटची पायरी: हिशेब तपासा

कॉन संपल्यावर हॉटेल तुम्हाला भरलेल्या रूम-नाइटचा आकडा देईल. तो तसाच मान्य करू नका. अनेक चाहते ब्लॉकचा दर न वापरता स्वस्त संकेतस्थळावरून किंवा हॉटेलच्या सभासद-सवलतीतून त्याच हॉटेलात खोली घेतात. ते तुमच्याच कॉनला आलेले असतात, पण ब्लॉकमध्ये मोजले जात नाहीत. करारात आधीच अट घाला की कॉनच्या नोंदणीची यादी आणि हॉटेलच्या पाहुण्यांची यादी ताडून बघायची आणि जुळणाऱ्या सगळ्या खोल्या तुमच्या खात्यात धरायच्या. नावं गुप्त ठेवून हॉटेलच्याच माणसानं तुमच्यासमोर हे ताडून बघता येतं. वरच्या उदाहरणातल्या ११० कमी पडलेल्या रात्रींपैकी बऱ्याच इथे सापडतात. हे काम कॉनच्या दुसऱ्याच दिवशी, बिलावर सही करण्याआधी करा. नंतर यादी मिळत नाही.